मोटारी वाढल्या म्हणजे नेमकं काय वाढलं?

२०१८-१९ या वर्षात आपल्या देशात सगळ्या प्रकारची मिळून ३ कोटी ९ लाख वाहनं तयार झाली. २०२४-२५ मध्ये झाली ३ कोटी १० लाख. वाहन उत्पादकांच्या संघटनेचे, सियामचे, हे आकडे आहेत. मधल्या काळात, लॉकडाऊनच्या वर्षी, उत्पादन २ कोटी २६ लाखांपर्यंत खाली गेलं होतं. तिथून ते पुन्हा वर चढलं ही लहान गोष्ट नव्हे. तरी दोन टोकांचे आकडे शेजारी ठेवले की वाटतं, सहा वर्षांत फारसं काही हललंच नाही.

हललं आहे, आणि बरंच हललं आहे. बेरीज तेवढीच राहिली, पण आतले वाटे बदलले. कार, जीप, व्हॅन अशा प्रवासी गाड्या २०१८-१९ मध्ये ४० लाख बनत होत्या, २०२४-२५ मध्ये त्या ५० लाखांवर गेल्या. दुचाकी २ कोटी ४५ लाख बनत होत्या, त्या २ कोटी ३८ लाखांवर आल्या. त्यातही परदेशी जाणाऱ्या दुचाकी ३३ लाखांवरून ४२ लाखांवर गेल्या. देशात विकल्या गेलेल्या दुचाकी मात्र २ कोटी १२ लाखांवरून १ कोटी ९६ लाखांवर उतरल्या. चारचाकी घेणाऱ्याचं बरं चाललं, दुचाकी घेणारा मागे पडला. आणि दुचाकी घेणारा म्हणजे आम्ही, दारव्हा, दिग्रस, नेर, कारंजाकडचे कापूस-सोयाबीनवाले.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा शिल्पनिदेशक होतो. नोकरी सगळी यवतमाळ जिल्ह्यातच झाली, आता निवृत्त आहे. माझ्या हाताखालून गेलेली पोरं चाकणला आहेत, रांजणगावला आहेत, वाळूजला आहेत, काही बुटीबोरी-हिंगण्याला आहेत. वाहन उद्योगाचा आकडा वर गेला की आमच्या आयटीआयच्या दारात कंपनीची माणसं भरतीसाठी यायची. आकडा खाली आला की पोरं बॅग घेऊन एसटीतून उतरायची. त्यामुळे अर्थशास्त्र शिकलेलो नसतानाही हा आकडा वाचायची सवय लागली, आणि ती निवृत्तीनंतरही सुटली नाही.

सियामचा आकडा नगांचा, किती गाड्या बनल्या एवढंच तो सांगतो. सरकारचा आकडा वेगळा. सांख्यिकी मंत्रालय दर महिन्याला औद्योगिक उत्पादनाचा निर्देशांक काढतं. पूर्वी तो १२ तारखेला यायचा, एप्रिल २०२५ पासून २८ तारखेला येऊ लागला. २०११-१२ चं उत्पादन १०० धरायचं आणि त्याच्या तुलनेत आज किती, ते सांगायचं, अशी ती २०११-१२ ची मालिका, पुढचे भार तिच्यातलेच. प्रत्येक उद्योगाला त्यात एक भार दिलेला असतो. १०० पैकी साडेसत्त्याहत्तरच्या वर भार कारखानदारीचा, बाकी खाणी आणि वीज. कारखानदारीत आपल्या विषयाच्या दोन ओळी येतात. पहिली मोटार वाहनं, ट्रेलर वगैरे, तिचा भार ४.८६. दुसरी 'इतर वाहतूक साधनं', तिचा भार १.७८.

गावाकडच्या माणसानं दुसरी ओळ आधी वाचावी असं माझं स्पष्ट मत आहे. कारण मोटारसायकल या दुसऱ्या ओळीत आहे. सायकल, रेल्वेचे डबे आणि इंजिनं, जहाजं, विमानं हे सगळं तिथेच. पहिल्या ओळीत कार, बस, ट्रक आणि त्यांचे सुटे भाग. बातमीत 'वाहन उद्योगाची घोडदौड' असं येतं ते बहुधा पहिल्या ओळीवरून. शेतीचा ट्रॅक्टर तर दोन्हीकडे नाही, तो यंत्रसामग्रीत मोजतात. म्हणजे दारव्ह्याच्या रस्त्यावर उभं राहून जे दिसतं, त्यातलं निम्मं-अधिक मोटार उद्योगाच्या मुख्य ओळीबाहेरच आहे.

टक्के वाचतानाही एक गोष्ट सांभाळायला हवी. एप्रिल २०२० मध्ये कारखाने बंद होते. मारुतीनं त्या महिन्यात देशात एकही गाडी विकली नाही. एकूण निर्देशांक ५४ च्या आसपास आला, वर्षभरापूर्वीपेक्षा ५७ टक्के कमी. पुढच्या एप्रिलमध्ये तो १२६ च्या घरात गेला आणि वाढीचा दर निघाला १३४ टक्के. गणित बरोबर आहे, पण १३४ टक्के म्हणजे दुपटीहून जास्त कारखाने वाढले असं नाही, फक्त जिथे होतो तिथे परत पोचलो. त्या एप्रिल-मे मध्ये माझी किती तरी पोरं पुण्याहून मिळेल त्या ट्रकमध्ये बसून गावी आली होती. दिवाळीच्या आत बहुतेकांना परत बोलावणं आलं. ज्यांना आलं नाही ती अजून गावातच आहेत, कोणी पिठाची चक्की चालवतो, कोणी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर आहे.

या 'इतर वाहतूक साधनां'मध्ये आणखी एक वस्तू बसते हे मला फार उशिरा कळलं. उद्योगांचं जे अधिकृत वर्गीकरण आहे त्यात जनावरांनी ओढायच्या गाड्यांना स्वतंत्र जागा आहे. म्हणजे आमची बंडी. विमान, जहाज, रेल्वे इंजिन आणि बंडी एकाच प्रकरणात. वर्गीकरणात जागा असली तरी निर्देशांकात ती कधी मोजली गेली नाही, कारण निर्देशांक कारखान्यांच्या उत्पादनावर चालतो. माझ्या बाबांचा कारखाना म्हणजे घरामागचं कडुनिंबाचं झाड.

आम्ही वाढई, म्हणजे सुतार. आबाजी बंड्या बनवत, बाबाही बनवत. चाक कसं बनतं ते मी लहानपणापासून पाहिलं, आणि आयटीआयमध्ये जेवढं शिकलो-शिकवलं त्याची सुरुवात तिथे झाली. मधला तुंबा बाभळीचा. लाकूड तोडून नुसतं ठेवायचं, घाई केली की पुढे चिरतं. त्यात बारा आरे ठोकायचे, ते शक्यतो तिवसाचे. दोन-दोन आऱ्यांवर एक पुठा, असे सहा पुठे मिळून गोल पुरा. दोन चाकं जोडणारा आख धावड्याचा, कारण धावडा वाकतो पण मोडत नाही. हे सगळं जोडलं तरी चाक अजून ढिलं असतं, हातानं हलवलं की कुरकुरतं. त्याला घट्टपणा येतो धावेनं.

धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी. तिचा घेर लाकडी चाकापेक्षा जाणूनबुजून किंचित लहान ठेवायचा. किती लहान, ते बाबा दोरी फिरवून ठरवत, मोजपट्टी कधी वापरली नाही. मग अंगणात गोवऱ्या रचून धाव त्यात तापवायची. लाल झाली की फुगते. चौघांनी चिमट्यांनी उचलून ती चाकावर बसवायची, घणाचे ठोके देत, आणि लाकूड पेटायच्या आत पाणी मारायचं. धाव आवळत जाते तसे सगळे सांधे एकामागून एक कडकड आवाज करत बसतात. त्यानंतर ते चाक दगडातून, नाल्यातून, कापसाच्या ओझ्याखाली वर्षानुवर्षं चालतं. आई त्या दिवशी आम्हा पोरांना अंगणात फिरकू देत नसे. आम्ही पडवीतून बघत बसायचो.

पुढे फिटरच्या वर्गात 'श्रिंक फिट' शिकवताना मला पुस्तक उघडावं लागलं नाही. इंजिनाच्या फ्लायव्हीलवर दात्यांची रिंग बसवतात ती अशीच, आधी तापवून, मग थंड करून. चाकणच्या कारखान्यात ते काम विजेच्या हीटरवर ठरलेल्या तापमानाला होतं. बाबा लोखंडाच्या रंगावरून करत. तत्त्व तसूभरही वेगळं नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना मी हे मुद्दाम सांगायचो, कारण कारखान्यात पाऊल टाकताना आपण काही न येणाऱ्या गावातून आलो असं त्यांना वाटू नये.

बाबांच्या हयातीतच बंडीला टायर लागले. टायरची बंडी बैलांना हलकी जाते, जास्त माल ओढते, शेतकऱ्यांनी ती घेतली हे योग्यच केलं. मग ट्रॅक्टर आला, ट्रॉली आली. बाबांचं चाकाचं काम संपलं, दारं-खिडक्या उरल्या, आणि तान्ह्या पोळ्याला पोरांचे लाकडी नंदी. १८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींना मोकळीक देणारा राज्याचा कायदा कायम केला. त्याआधी डिसेंबर २०२१ मध्येच न्यायालयानं शर्यतींना परवानगी दिली होती, तेव्हापासून शंकरपट, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या शर्यती, पुन्हा भरू लागले आणि हलक्या गाड्यांना थोडी मागणी आली. पण बनवणारे हात आता फार थोडे आहेत.

बंडी गेली म्हणून मी रडत बसणारा माणूस नाही. देशानं जे कमावलं ते फार मोठं आहे, आणि ते आमच्या भागातून अगदी जवळून दिसलं. आमच्याकडून जायची ती यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला रेल्वे, कापूस वाहून नेण्यासाठी इंग्रजांच्या काळात टाकलेली. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं, आणि ते १९९४ पर्यंत ओढत होतं. म्हणजे आमचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना जायचा तो मँचेस्टरच्या इंजिनानं. आज देश रेल्वेची इंजिनं स्वतः बनवतो, बाहेरही विकतो. मोटारसायकल आणि ट्रॅक्टर तर जगात सर्वांत जास्त आपल्याकडे बनतात. माझ्या लहानपणी स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे, गावात फटफटी म्हणजे एखाद्या ग्रामसेवकाची किंवा डॉक्टरची. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली, १९८५ मध्ये हीरो होंडा आली, १९९१ नंतर परवान्यांचं राज्य सैल झालं. २००५ मध्ये टाटा एस निघाली, आमच्याकडे तिला सगळे छोटा हत्तीच म्हणतात. तिनं आमच्या आठवडी बाजाराचं रूप बदललं. भाजीवाली बाई पहाटेच्या एसटीच्या टपावर टोपल्या चढवायची, ती आता चौघींत गाडी ठरवून जाते.

तर ही वाढ मला हवी आहे. मला विचारायचं आहे ते एवढंच, की या वाढीत आमच्या पोराचा आणि आमच्या शेताचा वाटा किती.

आधी पोराचं सांगतो. दहावी पास होऊन फिटरला आलेल्या मुलाच्या हातात पहिल्या महिन्यात लोखंडाचा एक तुकडा आणि एक कानस देतात. कानस चालवायची, काटकोन तपासायचा ट्रायस्क्वेअर लावायचा आणि उजेडाकडे धरून बघायचं. पातं आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली की परत घासायचं. रेघ जाईपर्यंत. शेतात डवरणी करून आलेली पोरं पहिल्या आठवड्यात वैतागतात, हाताला फोड येतात. दोन-तीन महिन्यांनी एक दिवस असा येतो की पोरगा स्वतःच तुकडा उजेडाकडे धरून मान हलवतो आणि मी काही बोलायच्या आत परत व्हाइसला लावतो. तो दिवस मला ओळखू यायचा. त्यानंतर त्याला कोणी फसवू शकत नाही, निदान लोखंडाच्या बाबतीत तरी.

ही पोरं दोन वर्षांनी चाकणला जातात आणि चार बोल्ट आवळतात. बोरी अरबकडचा एक विद्यार्थी पोळ्याला घरी आला होता, त्याला मी काम विचारलं. म्हणाला, "सर, गाडी थांबतच नाई. ते चालत राह्यते, आपण तिच्यासंग चालाचं. मिनिटभराच्या आत चार बोल्ट, मंग दुसरी गाडी." रेंच टक्क वाजली की पुढे. मी विचारलं, कानस कधी हातात घेतली? तो हसला. म्हणाला, "कानस कोठी भेटते तेच मालूम नाई."

मिनिटाला एक गाडी निघते तेव्हा देशाचं उत्पादन वाढतं हे खरं. ती शिस्त, तो वेग, कोट्यवधी भाग एकमेकांत चुकता न बसणं, हे सगळं मला मनापासून मोठं वाटतं. पण त्या पोराचं दोन वर्षांचं शिक्षण त्या मिनिटात कुठे वापरलं जातं? आणि तो तिथे किती दिवस असतो? सरकारच्याच वार्षिक उद्योग पाहणीप्रमाणे २०२२-२३ मध्ये कारखान्यांतल्या दर दहा कामगारांपैकी चार कंत्राटी होते. आमच्या पोरांत मला हे प्रमाण याहून बरंच जास्त दिसलं. सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीनं आमच्याकडची अख्खी तुकडी 'ट्रेनी' म्हणून नेली, वर्ष भरत आलं तेव्हा सगळ्यांना घरी बसवलं आणि दुसऱ्या जिल्ह्यातली नवी तुकडी घेतली. काम तेच, यंत्र तेच. त्या वर्षी वाहनांचं उत्पादन वाढलेलंच होतं.

आणि एक गोष्ट लिहिताना हात जड होतो. एका छोट्या कारखान्यात, जो मोठ्या कंपनीला पत्र्याचे भाग पुरवणाऱ्या कंपनीला माल देतो, तिथे पॉवर प्रेसवर आमच्या एका विद्यार्थ्याची दोन बोटं गेली. प्रेसला सुरक्षेचा सेन्सर होता, पण नग कमी निघतात म्हणून तो बंद केलेला होता. दोन्ही हातांनी बटण दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये अशी सोय असते, तीही एका बटणावर आणलेली. त्याच मुलाला मी वर्गात हात मागे घेऊन मग पायडल दाबायला शिकवलं होतं. हे एकट्याच्या बाबतीत घडलं असं नाही. हरियाणा आणि महाराष्ट्रातल्या वाहन उद्योगात जखमी झालेल्या कामगारांसाठी 'सेफ इन इंडिया' ही संस्था काम करते, तिच्याकडे येणाऱ्या जखमांत प्रेसवर चिरडलेली बोटं मोठ्या संख्येनं असतात. मोठी कंपनी स्वतःच्या गेटच्या आत फार काळजी घेते. पण तिच्या गाडीतला पत्रा जिथून येतो, तिथपर्यंत तिची नजर जायला हवी.

आता शेताचं. मोटारसायकल आमच्याकडे सोयाबीनवर घेतली जाते. २०१८ च्या हंगामात साधी शंभर सीसीची गाडी रस्त्यावर येईपर्यंत साठ-पासष्ट हजारांना पडायची आणि सोयाबीन आमच्याकडे तीन हजार दोनशेच्या आसपास विकलं जायचं. म्हणजे गाडी वीस क्विंटलची. २०२४ च्या हंगामात तीच गाडी पंचाण्णव हजारांच्या पुढे, आणि हमीभाव ४,८९२ रुपये असताना शेतकऱ्यानं व्यापाऱ्याला दिलं ते चार हजार-एकेचाळीसशेनं. गाडी तेवीस-चोवीस क्विंटलची झाली. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरा. पाच एकरांचं अख्खं पीक, बियाणं-फवारणी-मजुरी काहीही न कापता, एका गाडीला. आमच्याकडे किती जणांना पाच एकर आहे?

गाडी महागली त्याला कंपन्यांचा लोभ हेच कारण नव्हतं. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीचा पाच वर्षांचा त्रयस्थ विमा एकदम काढणं सक्तीचं झालं. एप्रिल २०१९ पासून लहान गाड्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागायची सोय आली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराचं नवं कडक मानक, आलं, कार्ब्युरेटर जाऊन इंधनाचं इंजेक्शन आलं. यातली प्रत्येक गोष्ट चांगलीच आहे, विमा हवा, ब्रेक हवा, धूर कमी हवा. पण तिन्ही एका मागोमाग त्याच माणसाच्या खिशावर आल्या, ज्याच्या मालाचा भाव त्या वेगानं वाढला नाही. वर लॉकडाऊन. दुचाकीचा आकडा सहा वर्षांनीही २०१८-१९ ला गाठू शकला नाही, त्याचं कोडं मला तरी वाटत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, ट्रॅक्टरवरचा १२ वरून ५ वर. हे फार आधी व्हायला हवं होतं. त्या दसऱ्या-दिवाळीला शोरूमसमोर गर्दी होती, हार घातलेल्या गाड्या निघत होत्या. पण त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात अतिवृष्टीनं सोयाबीन उभंच सडलं. गाड्या घेणारे बरेचसे नोकरदार आणि व्यापारी होते. शेतकऱ्याच्या घरी त्या वर्षी जुन्याच गाडीची चेन-स्प्रॉकेट बदलली गेली.

दारव्ह्याच्या बाजार समितीत सोयाबीनची बोली दोनशे रुपयांनी खाली गेली, तर काही महिन्यांनी दुचाकी कारखान्यातली तिसरी पाळी बंद होऊ शकते, आणि त्या पाळीवर उभा असलेला पोरगा त्याच शेतकऱ्याचा असू शकतो. हा धागा कोणत्याही तक्त्यात छापलेला नसतो. मी तो घराघरात पाहिला आहे. म्हणून वाहन उद्योगाला सवलत द्या म्हणताना हमीभावानं खरेदी वेळेवर सुरू करा, हीही त्याच उद्योगाच्या हिताची मागणी आहे असं मी मानतो.

मग कारखाने इकडे का नाहीत, असं विचारलं जातं. आहेत, थोडे आहेत. नागपूरजवळ हिंगण्याला महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना कित्येक वर्षांपासून आहे. भंडारा जिल्ह्यात गडेगावला अशोक लेलँड १९८२ पासून आहे, तिथे ट्रकचे गिअरबॉक्स बनतात. नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात फ्रान्सची दसॉ आणि रिलायन्स मिळून फाल्कन विमानांचे भाग बनवतात, आणि पूर्ण फाल्कन २००० विमान तिथे बनवायचं असं २०२५ च्या जूनमध्ये जाहीर झालं. हे वाचून मला फार बरं वाटलं. विमानाच्या कामाला कानस चालवणारा हातच लागतो, मिनिटाला एक विमान कोणी बनवत नाही. पण नागपूर सोडून पश्चिमेकडे आलं की यवतमाळ, वाशीम, बुलढाण्यात वाहनाशी संबंधित उत्पादन म्हणजे रस्त्यालगतची ट्रॉलीची वर्कशॉपं. चॅनेल, अँगल, पत्रा, जुन्या ट्रकचा आख, सेकंडहँड टायर. त्यातला एक कारागीर तर हायड्रॉलिक जॅक इतका नेमका बसवतो की ट्रॉली उचलताना फाळका थरथरत नाही. त्याच्याकडे माझे दोन विद्यार्थी आहेत. त्याला मंजूर नकाशा, नोंदणीची माहिती आणि चांगल्या वेल्डिंग मशीनसाठी कर्ज मिळालं, तर तो आणखी चौघांना कामावर घेईल, असं तो स्वतः सांगतो. अशा वर्कशॉपना मदत करणं मोठा कारखाना आणण्यापेक्षा सोपं आहे आणि लवकर होणारं आहे. मोठा कारखाना आला तर हवाच आहे, पण त्याची वाट बघत बसू नये.

प्रवेशाचे दिवस आले की अजूनही लोक घरी येतात. मी त्यांना चाकणला जाऊ नका असं कधी सांगत नाही. जा, शिका, पण जायच्या आधी हातातला कागद वाचा. अप्रेंटिस म्हणून सरकारी पोर्टलवर नोंद होणार आहे की ठेकेदाराकडे ट्रेनी म्हणून, हे आधी विचारा. पीएफ आणि ईएसआयसी कोणाच्या नावानं भरणार ते विचारा. प्रेसवर ठेवणार असतील तर पहिल्या दिवशी सेन्सर चालू आहे का बघा, आणि बंद असेल तर त्या यंत्रावर हात ठेवू नका. नोकरी दुसरी मिळते.

यंदा शेजारच्या गावची एक बाई मुलीला घेऊन आली होती. "सर, पोरीले फिटर जमन का? सारे म्हंतात कम्प्युटर घे." पुण्यात टाटा मोटर्सच्या कारखान्यात हॅरियर आणि सफारीची जुळणी करणारी लाइन बायकाच चालवतात, हे मी तिला सांगितलं. तिला ते खरं वाटेना. मग मी पोरीला घरातलाच व्हर्नियर दिला, दाराच्या कडीची जाडी मोजायला सांगितली आणि वाचायचं कसं ते एकदा दाखवलं. पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा बरोबर आलं. फिटरच घ्या म्हणालो. दोन वर्षांनी हिंगण्याला किंवा गडेगावला अप्रेंटिसची जागा निघाली, तर पुण्याच्या आधी तिथे अर्ज करायचा, हेही एका कागदावर लिहून दिलं. घरून सकाळी निघून रात्री परत येता येणार नाही, पण आजारी पडली तर आईला त्याच दिवशी पोचता येईल.